बाळंतपणाला रिपीटर बॅच नसते

मे महिना लागला की नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेला फ्लेक्सचं पीक येतं. शेतं नांगरून पडलेली, ढेकळं उन्हात भाजत असलेली, झाडाखालच्या म्हशीही कान हलवायला कंटाळतात असं ऊन; आणि या सगळ्यात टवटवीत काय, तर फलक. पांढऱ्या शर्टातली पोरं-पोरी, गळ्यात हार, खाली मार्क, आणि पोराच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात क्लासचं नाव. यंदाही आलेत. परवा लोह्याहून गावी येताना एसटीत शेजारी एक पोरगा मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसला होता. हातातल्या पारदर्शक बाटलीतलं पाणी चहासारखं तापलेलं. पलीकडं त्याची आई. दर थांब्याला ती विचारायची, "काकडी खातूस का रे?" आणि तो मान न उचलता म्हणायचा, "नको की माय." शेवटी तिनं ओल्या फडक्यातली काकडी काढून स्वतःच खाल्ली. त्या काकडीचा गार वास आला आणि मी एकदम जुन्या एका मे महिन्यात जाऊन पडले. त्या मे महिन्यात माझी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि आमच्या गावचा सरकारी दवाखाना दुसऱ्याच्या हवाली व्हायला निघाला होता.

मी पत्रकं लिहिणारी बाई आहे, हे आधीच सांगते. पत्रकात वाक्य आखूड लागतं. मथळा चालत्या मोटारसायकलवरून वाचता यावा लागतो. शेवटी मागणी लागते. आठवणीला कसली मागणी जोडायची, हा प्रश्नच आहे. पण मी जोडणार. सवय जात नाही.

आमचं गाव अहमदपूर आणि लोहा यांच्या मधलं. दवाखान्याचं नाव पाटीवर 'ग्रामीण रुग्णालय', पण ते नाव पाटीच्या बाहेर कधी आलं नाही. बोलण्यात नुसतं 'सरकारी'. "सरकारीत नेलं", "सरकारीत हाय". आणि हे म्हणताना आमचे लोक आवाज जरा खाली घेतात, जसं काही घरातलं उणंदुणं सांगतायत. तेच खाजगीत नेलं असेल तर डॉक्टरचं आडनाव येतं, हनुवटी वर येते. मला या आवाजाच्या चढउताराचा फार राग यायचा. अजून येतो. त्या पिवळ्या इमारतीत अख्ख्या पंचक्रोशीची नाळ कापली गेली, विंचू उतरले, साप चावलेले उठून चालत घरी गेले, कुत्रं चावलेल्या पोरांनी तिथं दंड पुढं केले. उन्हाळ्यात खिडक्यांना ओली पोती टांगलेली असायची. फिनेलचा, ओल्या तागाचा आणि बाहेर लिंबाखाली सोडलेल्या भाकरीच्या फडक्यांचा मिळून एक वास व्हायचा. तो वास म्हणजे आमच्याकडं बरं होण्याचा वास. त्याची लाज कसली?

त्या उन्हाळ्यात तालुक्याहून बातमी आली, की दवाखाना एका ट्रस्टला 'दत्तक' द्यायचं घाटतंय. इमारत सरकारची, जागा सरकारची, चालवणार ट्रस्ट. साधी तपासणी नाममात्र पैशात, मोठ्या उपचाराला 'सवलतीचे दर'. दत्तक हा शब्द ज्या कुणी शोधला त्याच्या डोक्याला मी मानते. विकणार म्हटलं की लोक उठून उभे राहतात. दत्तक म्हटलं की लोकांना पेढे आठवतात. आम्ही पाचसहा पोरापोरींनी पहिलं पत्रक काढलं त्यात एकच प्रश्न विचारला होता: धडधाकट आईबाप घरात बसलेले असताना लेकरू दत्तक जातं कसं? अहमदपूरच्या छापखान्यात कागदाचा गठ्ठा हातात घेतला तेव्हा शाई अजून ओली होती. बोटं काळी झाली. ती काळी बोटं घेऊनच मी घरी आले, तर ओसरीत ताई बसलेली. भाऊजी तिला सोडून परत गेले होते. ती पाय पसरून, भिंतीला टेकून, माठातलं पाणी पीत होती आणि तिच्या पोटावर तांब्याची गोल सावली पडली होती.

"हात धू आधी," ती म्हणाली. "बाळाला डाग लागंल."

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आमच्याकडची रीत. रीत गोड आहे. पोरीला आईजवळ झोपायला मिळतं, सासूच्या आधी उठावं लागत नाही. पण या गोड रीतीच्या पोटात एक काटा आहे. माहेरी बाळंतपण म्हणजे शोभाही माहेरची आणि हसंही माहेरचं. सासरच्या गल्लीत बायका बाळ बघायला येतात त्या बाळाच्या नाकाआधी दवाखान्याचं नाव विचारतात. लिफ्ट होती का, खोली वेगळी होती का, खोलीत टीव्ही होता का. खाजगी दवाखाने औषधावर आणि हुशारीवर चालतात असं शहरातल्या लोकांना वाटत असेल. आमच्याकडं त्यातले कित्येक माहेरच्या इज्जतीवर चालतात. बाजार म्हणतात तो हाच. तो दुखणं बघून भाव ठरवत नाही. तो तुमची लाज बघून ठरवतो.

बाजारच्या दिवशी मारुतीच्या पारावर आमची सभा झाली. मी बोलले, चांगलं बोलले. पब्लिक गरम झालं. तेवढ्यात मागून एक पागोटं उठलं आणि शांतपणे म्हणालं, "बाई, भाषण लई झालं. तुमच्या घरची बाळंतीन कुठं जानार, तेवढं सांगा."

हशा पिकला. अप्पा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, पाराच्या कडेला बसले होते. त्यांनी चष्मा काढून धोतरानं पुसायला घेतला.

"तिचं ती ठरवंल," मी म्हणाले. "मी तिचा ठेका घेतलेला न्हाई."

टाळ्या पडल्या नाहीत. पडायला नकोच होत्या. उत्तर बरोबर होतं, पण तो प्रश्न त्याहून बरोबर होता. त्या दिवसापासून आमचं पत्रक, आमची सभा, आमचा दवाखाना, सगळं ताईच्या पोटावर येऊन थांबलं. ती कुठं जाते याकडं गाव डोळे लावून बसलं. आणि माझ्यापुरतं त्याहून मोठं होतं, की ती आणि तिचं लेकरू धड राहतात का.

अक्षय तृतीयेला मामा लातूरहून आला आणि त्याच दिवशी उदगीरहून ताईच्या सासूबाई आल्या. त्यांना आम्ही उदगीरच्या काकू म्हणतो. आंबरसाचं पातेलं मध्ये, पंखा गरम हवा ढवळण्यापुरता फिरतोय, कुरडया कुरकुरतायत. मामाचं लातूरला नळाच्या सामानाचं दुकान. त्याचा पोरगा ओंकार त्या मे महिन्यात दुसऱ्यांदा नीटची परीक्षा देणार होता, त्यामुळं मामाचं निम्मं बोलणं क्लासचं असायचं. काकूंनी विषय काढला.

"मग? कुठं नाव घातलंय सुनेचं?"

आईनं रस वाढता वाढता माझ्याकडं बघितलं. ताईच सासूबाईंना म्हणाली, "इथंच, आई. आपल्या सरकारीत. सिस्टर परवाच बघून गेली."

काकूंनी पुरीचा घास ताटात ठेवला. "सरकारीत? काय बोलू लालीस ग? आमच्या गल्लीत बाया विचारतील, काय सांगू? माहेरानं सरकारीत टाकली म्हनू?"

अप्पा घाईघाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई, विहीणबाई. नांदेडला चांगल्या ठिकाणी करू. तुमी फिकर करू नका."

"अप्पा," मी म्हणाले, "परवा पारावर काय ऐकलं तुम्ही?"

"तू गप," अप्पा म्हणाले. "पत्रक येगळं, पोटची पोरगी येगळी."

मामानं मिशीवरचा रस पुसला आणि माझ्याकडं वळला. "हे बघ, राग नको धरू. लातूरचं नाव आज देशात कशानं हाय? एका गल्लीत चार क्लास हायेत म्हनून. एकानं धड शिकवलं न्हाई की पोरं दुसऱ्याकडं. ती भीती डोक्यावर पायजे. तुमच्या डॉक्टरला कुनाची भीती हाय? पेशंट आला काय, न आला काय, पगार चालू."

खोटं नव्हतं ते. लातूरचा मला अभिमानच आहे. जे गाव भूकंपाच्या बातम्यांनी जगाला माहीत झालं, त्या गावानं पुढं डॉक्टर घडवायचा धंदा काढला आणि धोंडे फोडून जगणाऱ्यांच्या पोरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप घातला. हे कुणी आम्हाला दान दिलं नाही. पण क्लास तो क्लास आणि दवाखाना तो दवाखाना.

"मामा," मी म्हणाले, "ओंकार मागच्या वर्षी राहिला, तवा काय केलंस?"

"रिपीटर बॅचला घातला."

"बाळंतपणाला रिपीटर बॅच नसते."

मामा हसला. "हे घाल पत्रकात."

"घालणारच हाय. आणि ऐक. क्लासवाला आधी परीक्षा घेऊन पोरं निवडतो, हुशार एकीकडं, राहिलेली दुसरीकडं. फ्लेक्सवर पास झालेली लावतो. नापास झालेल्यांचा फ्लेक्स बघितलास कधी? दवाखाना तसा चालवता येत न्हाई. सोप्या बाया आपल्याकडं आणि अवघड बाया रस्त्यावर, असं करता येत न्हाई."

"मग तुमचं सरकारी काय करून राहिलंय?" मामा म्हणाला. "जरा अवघड झालं की चला नांदेड."

मामा नळवाला आहे, गळती कुठं आहे ते त्याला बरोबर सापडतं.

तेव्हा आई बोलली. आई फार बोलत नाही, आणि भूकंपाचं तर मुळीच नाही. तिचं माहेर किल्लारीच्या अंगाचं. तिचं लग्न झालं त्याच वर्षी, गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. घरं दगडमातीची होती, ती माणसांवरच बसली. आईचे आईवडील त्यात गेले. आई आमच्या गावी होती म्हणून राहिली, आणि मामा शेतात राखणीला होता म्हणून. अप्पा दुसऱ्या शिक्षकांबरोबर सासुरवाडी शोधत गेले होते. ते सांगतात, वरून पाऊस, खाली चिखल, गावाला वेस राहिली नव्हती, रस्ता कुठला नि घर कुठलं कळत नव्हतं. तंबूत डॉक्टर बसलेले. कोण पुण्याचा, कोण सोलापूरचा, कोण सरकारी, कोण स्वतःचा दवाखाना बंद करून आलेला. कुणी कुणाला पाटी विचारली नाही. अप्पांचं आवडतं वाक्य आहे, त्या चिखलात पाटी वाचायला जागाच नव्हती. खाजगी डॉक्टरांबद्दल कुणी वाईट बोललं की ते हे सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मीही पत्रकात कधी डॉक्टरांना शिवी घातली नाही. मी भांडते ती हिशेब करून दुखणं विकणाऱ्या व्यवस्थेशी.

आई काकूंना म्हणाली, "विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, न्हाई का?"

"हाव. म्हनूनच म्हनते."

"माझं पहिलं बाळंतपण म्हंजे ही तुमची सून. मला बी माहेरी जायाचं होतं. पन माहेर कुठं होतं? आई न्हाई, बाप न्हाई, घर न्हाई. पत्र्याच्या शेडांची रांग, तिच्यात एका शेडात हा बाळू. मी हट्टानं गेले. रीत म्हंजे रीत. शेडांच्या टोकाला पत्र्याचाच सरकारी दवाखाना होता. तंबूवाले समदे डॉक्टर तवर आपापल्या गावी गेलते. चांगली मानसं, पन त्यांची बी घरं होती. आले समदे, राहिलं सरकार. ही त्या पत्र्यात झाली. तिथल्या नर्सबाईनं मला न्हाऊ घातलं, डिंकाचा लाडू तिनंच आनला. जे माहेरानं करायचं ते समदं तिनं केलं. मग माझं माहेर कोन?"

काकू पुरीकडं बघत होत्या.

आई मामाकडं वळली. "आन बाळू, उन्हानं पत्रा तापलेला. वर बादलीनं पानी कोन मारत होतं दिवसभर?"

मामानं ताटातली कुरडई मोडली. मग म्हणाला, "मीच. म्हनून तर म्हनतो, अक्का. सरकारच्या पत्र्यावर बी पानी आपल्यालाच मारावं लागतं."

एकाच भूकंपातून ही दोन भावंडं निघाली. एक म्हणते, सरकार माझं माहेर. दुसरा म्हणतो, कुणावर विसंबू नका, हातपाय हलवा. त्या दुपारी मला कळलं की ही दोन वाक्यं भांडत नाहीत. सरकार आपलं म्हणायचं असेल तर पाणी मारत राहावं लागतं. नुसतं 'विकू नका' म्हणणं ही अर्धीच मागणी. आजवरची आमची सगळी पत्रकं अर्धी होती.

दुसऱ्या दिवशी ताई आणि मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या होत्या, लातूरलाच क्लास केलेल्या, शिक्षण झाल्यावर बंधपत्राची सेवा करायला आमच्याकडं आलेल्या. माझी पत्रकं त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली होती. त्यांनी ताईला तपासलं आणि सरळ सांगितलं, "सगळं चांगलं आहे. बहुतेक इथंच होईल. पण सिझर करायची वेळ आली तर माझ्याकडं भूलतज्ज्ञ नाही. एकशे आठची गाडी बोलवून नांदेडला पाठवावं लागेल. हे ऐकून मग ठरवा. यांच्या पत्रकात हे लिहिलेलं नाही."

ताई पदर सावरत म्हणाली, "मॅडम, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर जूनला दारोदार फिरते. लेकरं आमच्याकडं घाला, आमची शाळा चांगली हाय म्हणते. लोक इंग्रजी शाळेची बस दाखवतात. आता माझी पाळी आली तर मीच तोंड फिरवू का?"

"म्हणजे?"

"म्हंजे इथंच. आन पाठवायचं ते तुमीच पाठवा."

मी तिच्याकडं बघत राहिले. पारावर मी भाषण केलं होतं. हिनं उभं आयुष्य पणाला लावून दोन वाक्यं म्हटली, आणि तीही पिशवीत औषधाच्या गोळ्या भरता भरता.

परीक्षेच्या रविवारी तिला कळा आल्या. रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या. वॉर्डाच्या खिडक्यांवरची पोती मी आणि आई आळीपाळीनं भिजवत होतो. सिस्टर सोलापुरी चादरीच्या घडीसारखी नीटनेटकी बाई, तिचा आवाज सारखा येत होता: "माधुरी, श्वास घे. घाई करू नको. घाई करायला काय परीक्षा हाय का तुझी?" दुपारी तो आवाज थांबला. डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. बाळ खाली सरकत नव्हतं. त्यांनी नांदेडला फोन लावला, नाव, वय, सगळं सांगितलं आणि मला म्हणाल्या, "निघा. वाट बघत बसायचं नाही."

गाडीत ताई आडवी, तिचा हात सिस्टरच्या हातात. सिस्टरची ड्यूटी आमच्या गावातच संपत होती, तरी ती गाडीत चढली होती. कुणी सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. खिडकीतून भट्टीसारखी हवा. मी भाषणं करणारी बाई, नुसती ताईच्या तोंडावर ओलं फडकं फिरवत होते. लोहा आलं तसं अप्पा पुढून म्हणाले, "थांबवा. इथं खाजगी हाय, इथंच दाखवू." आवाज फुटलेला होता. बापाचा आवाज होता तो, त्याला मी काय बोलणार? ताईनंच डोळे न उघडता म्हटलं, "अप्पा, नांदेडला मानसं उभी हायेत. सांगितलंय त्यांना." आणि खरंच उभी होती. गाडीचं दार उघडलं, ट्रॉली आली, सिस्टरनं चालता चालता पुढच्या सिस्टरला सगळं सांगितलं आणि हातातला हात दुसऱ्या हातात दिला. 'चला नांदेड' म्हणजे ढकलून देणं, असं मी मामाच्या तोंडून ऐकलं होतं. मी पाहिलं ते तसं नव्हतं.

उदगीरच्या काकू जीप करून आल्या त्या ओठ मिटूनच. शस्त्रक्रियागृहाच्या बाहेरच्या बाकावर अप्पा, काकू आणि मी बसलो; गाडीत जागा नव्हती म्हणून आई गावीच राहिली होती. आजूबाजूला सगळ्या मुलखाची माणसं: मुदखेडची, देगलूरकडची, तेलुगूत देवाला हाका मारणारी एक म्हातारी. उन्हं कलली. तेवढ्यात अप्पांचा फोन वाजला. मामा होता. आवाज एवढा मोठा की आम्हालाही ऐकू येत होता.

"दाजी, नीट न्हाई झालं."

अप्पा बाकावरून उठले. "कुनी सांगितलं तुला?"

"समदेच म्हनू लालेत. लई अवघड गेलं म्हनं. आत्ताच बाहेर आले."

"कोन बाहेर आलं?"

"लेकरं की. एकएक रडू लालंय नुसतं."

अप्पांनी फोन छातीशी धरला आणि माझ्याकडं असं बघितलं की काय सांगू. "रडलं म्हनतोय," ते म्हणाले. "जुळं हाय का ग?"

मी फोन ओढून घेतला. मामा लातूरला परीक्षा केंद्राच्या दारात ओंकारची वाट बघत उभा होता. ताईला नांदेडला आणलंय हे त्या गडबडीत त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी अप्पांना ते सांगितलं. ते तसेच फोनकडं बघत राहिले. हसायला सुरुवात कुणी केली असेल? काकूंनी. तोंडाला पदर लावून आधी, मग पदर सोडून. ती तेलुगू म्हातारीही काही न कळता हसली. त्या हसण्यातच दार उघडलं आणि सिस्टरनं विचारलं, "माधुरीचे कोण? मुलगी झाली. दोघी नीट आहेत."

जगात इतकं सोपं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही.

पुढचं पत्रक मी नांदेडच्या त्याच वऱ्हांड्यात लिहिलं. मथळा मामासमोर ताटावर सुचलेला होताच: बाळंतपणाला रिपीटर बॅच नसते. खाली मात्र यावेळी पूर्ण मागणी होती. दवाखाना दत्तक देऊ नका, आणि त्यात भूलतज्ज्ञ द्या. रिकामा ठेवलेला दवाखाना हीच दत्तकाची पहिली पायरी असते, हेही लिहिलं. आधी खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या, मग रिकाम्या खुर्च्या दाखवून म्हणायचं, बघा, सरकारला जमत नाही. डॉक्टर मॅडमनी ते पत्रक वाचलं आणि पेपरवेटखाली न ठेवता भिंतीला चिकटवलं. ग्रामसभेला पारावर जागा उरली नाही. मागच्या वेळी प्रश्न विचारणारं पागोटं पुढं येऊन बसलं आणि यावेळी त्यानं तोच सूर तालुक्याहून आलेल्या साहेबांपुढं लावला: "साहेब, भाषण लई झालं. भूलीचा डॉक्टर कधी येनार, तेवढं सांगा." दत्तकाचं प्रकरण थंड पडलं. भूलतज्ज्ञ ठरल्या दिवशी येऊ लागला. रोज येत नाही अजून. म्हणून पत्रकं अजून निघतात, आणि ज्यांना वाटतं की आम्ही दमलो, त्यांनी आमचा उन्हाळा बघितलेला नाही.

पण त्या मे महिन्याचा मला वाटणारा अभिमान ग्रामसभेचा नाही. तो बारशाचा आहे.

बारसं आमच्याकडं झालं. उदगीरच्या गल्लीतल्या बायका टेम्पो भरून आल्या. पाळण्याभोवती घुगऱ्या, अत्तर, बांगड्यांचा आवाज. ज्या प्रश्नाला सगळे भ्याले होते तो एका जाड बाईनं विचारलाच: "कुठं केलं हो बाळंतपन?"

अप्पा दारात उभे होते, ते तिथंच थांबले. काकूंनी नातीचं टोपरं सरळ केलं आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नांदेडच्या मोठ्या सरकारीत. मोठमोठे डॉक्टर हायेत तिथं. तिथं असं कुनालाबी घेत न्हाईत."

बायकांनी माना डोलावल्या. माहेरची शोभा राहिली होती. माझं तोंड उघडलं. ताईनं पाळण्याखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला.

"घेतात, काकू," मी म्हणाले. "कुनालाबी घेतात."

बायका माझ्याकडं बघू लागल्या. काकूही. मला वाटलं, आता ही बाई घुगऱ्या तशाच टाकून टेम्पोत जाऊन बसते. काकूंनी क्षणभर विचार केला. त्यांच्या घरात दुसरी एक सून होती, धाकटी. तिचं माहेर निलंग्याकडं, ऊसतोडीला जाणारं. तिलाही दिवस गेले होते आणि तिच्या आईबापाला बाळंतपणाच्या खर्चानं आतापासून झोप नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"कुनालाबी?" काकूंनी विचारलं.

"कुनालाबी."

"मग धाकटीच्या माहेराला आजच निरोप धाडते," काकू म्हणाल्या, आणि पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली.